टायर वाचता येतो का?

गेल्या जूनमधली गोष्ट. मृगाचा पहिलाच पाऊस पडून गेला होता. वसमतला वलिमा उरकून माझी आपा, दुल्हाभाई, भाचा, त्याची बायको आणि दोन लेकरं झिरो फाट्यावरून पूर्णेकडे येत होती. पाऊस थांबून दहा-पंधरा मिनिटं झालेली. वेग फार नव्हता, साठ-पासष्टच्या आसपास. वळणावर समोर ट्रॅक्टर दिसला म्हणून भाच्याने ब्रेक दाबला आणि गाडीचा मागचा भाग एका बाजूला निघाला. अर्धी गिरकी घेऊन गाडी रस्त्याखाली नांगरलेल्या रानात जाऊन थांबली. समोरून वाहन येत नव्हतं. बाभळीचं झाड चार हातांवर होतं. कुणाला खरचटलंही नाही.

फोनवर भाचा एवढंच म्हणाला, "मामू, गाडी पिच्छे से घूम गई."

त्या रात्री आपाच्या घरी शुक्रान्याच्या नफ्ल नमाजा झाल्या, सदका काढला गेला. येणारा प्रत्येक जण म्हणत होता, अल्लाहने वाचवलं. शेजारचे काका म्हणाले, वेळ आली नव्हती. मीही तेच म्हटलं आणि मनापासून म्हटलं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या गाडीपाशी उकिडवा बसलो, मागच्या टायरच्या खाचेत बोट घातलं, आणि बोट आत गेलंच नाही. खाच उरलीच नव्हती.

भाच्याने ही गाडी सेकंडहँड घेतली होती. आधीच्या मालकाने कंपनीचे टायर काढून मोठे अलॉय आणि रुंद, चपटे टायर बसवले होते. भाच्याला त्याचंच कौतुक. "मामू, परफॉर्मन्स टायर आहेत, गाडी रस्त्याला चिकटून चालते," असं तो सांगायचा. पुढचे दोन घासले तेव्हा त्याने नवे टाकले, तेही स्वस्तातले. मागचे दोन तसेच राहिले. मी त्यांच्या बाजूवर चिखल पुसून पाहिलं. शेवटी चार आकडे होते, ३२१६. म्हणजे २०१६ सालच्या बत्तिसाव्या आठवड्यात बनलेला टायर. एवढी जुनी पावाची लादी आपण घरात ठेवत नाही, आणि त्या टायरवर सहा जीव बसवून वसमतला पाठवले होते.

मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो. गाड्यांचा जाणकार नाही. पण त्या सकाळी एक गोष्ट डोक्यात बसली. उर्दूत 'पढना' वेगळं आणि 'बचना' वेगळं. मराठीत मात्र दोन्हींना एकच शब्द आहे, वाचणं. टायरवर सगळं लिहिलेलं असतं. आपण ते वाचत नाही, आणि मग वाचलो तर नशिबाने वाचलो म्हणतो. पुढच्या काही आठवड्यांत मी विचारत, वाचत, टायरवाल्याच्या दुकानात बसून जे शिकलो, ते इथे मांडतो. माझं मत आधीच सांगून टाकतो. आपल्या भागात टायर निवडताना पहिला प्रश्न 'ओल्या रस्त्यावर गाडी थांबेल का' हाच असला पाहिजे. दिसणं, वेग, मायलेज हे सगळं त्यानंतर.

आधी परफॉर्मन्स या शब्दाचं पाहू. गाडी केवढीही असो, रस्त्याला टेकलेला भाग म्हणजे चार तळहात. एका टायरचा जेमतेम एक तळहात. इंजिनाची ताकद, ब्रेकची ताकद, स्टिअरिंगचा हुकूम, सगळं या चार तळहातांतूनच रस्त्यापर्यंत पोहोचतं. एबीएस चाक लॉक होऊ देत नाही, पण टायरमध्ये नसलेली पकड ते आणू शकत नाही.

कोरड्या रस्त्यावर जितकं जास्त रबर टेकेल तितकं चांगलं. म्हणून शर्यतीच्या गाड्यांचे कोरड्यातले टायर अगदी गुळगुळीत असतात, त्यांना खाचा नसतातच. पाऊस आला की त्याच गाड्या पिटमध्ये शिरतात आणि काही सेकंदांत खाचांचे टायर चढवून बाहेर पडतात. आपल्या रस्त्यांवर पिट भरपूर आहेत, पण तिथे टायर बदलून द्यायला कोणी उभं नसतं. आपल्याला मे महिन्याच्या उन्हात आणि जुलैच्या पावसात एकाच टायरवर चालायचं असतं. टायरची नक्षी शोभेसाठी नसते. रबर आणि रस्ता यांच्यामध्ये आलेलं पाणी वाट काढून बाहेर फेकणं हे तिचं काम. कोरड्यात खास पकड देणाऱ्या टायरमध्ये खाचा कमी आणि रबर जास्त असतं. असा टायर नवा असताना पावसात जेमतेम चालतो, घासल्यावर फसवतो.

पूर्णेच्या माणसाला हे समजायला अवघड नाही. आपलं गाव रेल्वेचं. रेल्वेच्या इंजिनात वाळूच्या पेट्या असतात हे इथे लहान मुलालाही माहीत असतं. रूळ ओला झाला की लोखंडावर लोखंड घसरतं, मग ड्रायव्हर चाकापुढे वाळू सोडतो. शंभराहून जास्त टनांचं इंजिनही ओल्या रुळाचा मान राखतं. आपण मात्र हजार किलोची गाडी घेऊन ओल्या डांबरावर कोरड्याच्या हिशोबाने निघतो.

किती फरक पडतो? आमच्या विज्ञानाच्या सरांनी मला फळ्यावर साधं गणित करून दाखवलं. कोरड्या डांबरावर घर्षणाचा गुणांक साधारण ०.७५ धरला, तर ताशी ८० किलोमीटरने जाणारी गाडी ब्रेक लागल्यापासून सुमारे ३४ मीटरमध्ये थांबते. ओल्या रस्त्यावर चांगल्या टायरचा गुणांक ०.४५ धरला, तर सुमारे ५६ मीटर लागतात. फरक २२ मीटरचा, म्हणजे रेल्वेच्या जवळपास एका डब्याएवढा. टायर गुळगुळीत असेल आणि गुणांक ०.२५ वर आला, तर हेच अंतर शंभर मीटरवर जातं. ब्रेकवर पाय जाईपर्यंतच्या एका सेकंदात गाडी आणखी २२ मीटर पुढे गेलेली असते, ते वेगळंच.

रस्त्यावर पाणी साचलेलं असेल तर प्रकार आणखी गंभीर. एका वेगानंतर टायर पाणी बाहेर फेकू शकत नाही, त्यावर तरंगू लागतो. स्टिअरिंग एकदम हलकं होतं आणि ब्रेक दाबून काही होत नाही. विमानांच्या चाकांवर संशोधन करताना नासाच्या लोकांनी १९६० च्या दशकात याचं एक सूत्र मांडलं. त्यात तरंगण्याचा वेग टायरमधल्या हवेच्या दाबावर ठरतो. त्या सूत्राने पाहिलं तर खाचा संपलेला टायर ३६ पौंड हवेवर ताशी १०० किलोमीटरच्या आसपास तरंगू लागेल, २५ पौंडांवर ८३ च्या आसपासच. खाचा चांगल्या असतील आणि पाणी उथळ असेल तर अर्थातच जास्त सवलत मिळते. यात दोन धडे आहेत. एक, हवा कमी असली की पाऊस जास्त धोक्याचा होतो. दुसरा, टायर जितका रुंद तितकं त्याला जास्त पाणी ढकलावं लागतं. हौसेने बसवलेला रुंद टायर पावसात उलट लवकर तरंगतो.

भाच्याच्या गाडीला कंपनीने दिलेला टायर होता १८५/६५ आर १५, पुढे ८८ एच. त्यावर होता २०५/४५ आर १७, पुढे ८४ व्ही. हे आकडे वाचायला शिकण्यासारखे आहेत. १८५ ही मिलिमीटरमध्ये रुंदी. ६५ म्हणजे टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या ६५ टक्के. १५ म्हणजे रिमचा इंची व्यास. जुन्या टायरची भिंत सुमारे १२० मिलिमीटर उंच होती, नव्याची ९२. बाहेरचा एकूण घेर जवळपास सारखाच, म्हणून चाक बसलं आणि दिसायलाही दमदार दिसलं. पण खड्ड्याचा धक्का झेलायला रबराची भिंत कमी आणि लोखंड जवळ आलं. आपल्याकडच्या रस्त्यांवर अशा चपट्या टायरला फुगा यायला वेळ लागत नाही. फुगा म्हणजे आतले धागे तुटल्याची खूण.

पुढचा आकडा त्याहून महत्त्वाचा. ८८ म्हणजे एक टायर ५६० किलो भार सोसतो, ८४ म्हणजे ५०० किलो. चार टायर मिळून २४० किलोंची ताकद हौसेपायी कमी झाली, आणि त्या गाडीत सहा माणसं बसली. शेवटचं अक्षर वेगाचं. टी म्हणजे ताशी १९०, एच म्हणजे २१०, व्ही म्हणजे २४० किलोमीटरपर्यंत टायर टिकेल. भाचा 'व्ही' दाखवून खूश होता. पूर्णेच्या रस्त्यावर २४० ने कोण जाणार आहे? वेगाचं अक्षर कंपनीने दिलेल्यापेक्षा खाली नसावं एवढं पुरे. भाराच्या आकड्याचंही तेच.

आता आपल्या भागाबद्दल. टायरच्या जाहिरातीत दिसणारा 'ऑल सीझन' हा शब्द मुळात बर्फाच्या देशांतला. तिथे तापमान सात अंशांच्या खाली गेलं की साधं रबर कडक होतं, म्हणून हिवाळ्याचे टायर वेगळे. मराठवाड्यात तो प्रश्न नाही. आपला प्रश्न असा की मे महिन्यात हवाच ४२ अंशांवर असते, रस्ता त्याहून कितीतरी तापलेला असतो, आणि जूनमध्ये त्याच रस्त्यावर पाणी पडतं. त्यातही पहिला पाऊस सगळ्यात वाईट. महिनोन् महिने साचलेली धूळ, सांडलेलं ऑइल, घासलेलं रबर हे सगळं पहिल्या सरींत भिजून वर येतं. वाहून जायला जोरदार पाऊस लागतो. नुसती भुरभुर झाली तर रस्त्यावर लोण्यासारखा थर बसतो. त्यात शेतातून निघालेल्या ट्रॅक्टरच्या चाकांना चिकटून आलेली काळी माती. काळ्या मातीचा चिखल काय असतो हे परभणीकरांना सांगायला नको. त्याच्यापुढे कोणत्याही रस्त्याच्या टायरचं काही चालत नाही. तिथे हळू जाणं हाच उपाय.

उन्हाळ्याबद्दल एक गैरसमज घरोघरी ऐकू येतो. गरमीत टायर फुटतो म्हणून हवा थोडी कमी ठेवायची. हे नेमकं उलटं आहे. हवा कमी असलेला टायर फिरताना जास्त दबतो, जास्त वाकतो, आणि त्या वाकण्यानेच आतून तापतो. लांबच्या रस्त्यावर भरल्या गाडीचा असा टायर फुटतो. दारावर किंवा पुस्तिकेत लिहिलेला आकडा टायर थंड असताना पाळायचा. भार जास्त असेल तर तिथेच त्यासाठी वेगळा आकडा दिलेला असतो. नायट्रोजन भरला म्हणजे काळजी मिटली असंही नाही. आपण श्वास घेतो त्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच आहे. साधी हवा दर पंधरा दिवसांनी तपासणारा माणूस नायट्रोजन भरून विसरणाऱ्यापेक्षा सुरक्षित.

मग टायर घ्यायचा कसा? दुकानात गेल्यावर मी आता पाच गोष्टी पाहतो. माप, भार आणि वेगाचं अक्षर कंपनीने दिलेलंच. तारखेचे चार आकडे, शक्यतो वर्षाच्या आतले. नक्षीत सरळ, खोल, लांब खाचा आहेत का, कारण पाणी मुख्यतः तिथूनच निघतं. रबर सिलिका मिसळलेलं आहे का, कारण सिलिकामुळे ओल्या रस्त्यावरची पकड सुधारते आणि मायलेजही फारसं जात नाही. आणि चारही टायर एकाच जातीचे होतील का. दोन नवे, दोन जुने असं करावंच लागलं तर नवे मागे टाकायचे. आपल्याकडे सर्रास उलटं करतात, स्टिअरिंग पुढे आहे म्हणून नवे पुढे. पण पुढचा टायर घसरला तर गाडी सरळ जाते आणि वेग कमी केल्यावर बऱ्याचदा ताब्यात येते. मागचा घसरला तर गाडी फिरते, आणि फिरलेली गाडी सावरणं तुमच्या-माझ्या हातचं नाही. माझ्या भाच्याची गाडी नेमकी याच कारणाने फिरली.

कायदा काय म्हणतो? केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे मोटारीच्या टायरची खाच किमान १.६ मिलिमीटर हवी, दुचाकी आणि तीनचाकीला ०.८. खाचेच्या तळाशी छोटे उंचवटे असतात. रबर घासून त्यांच्या बरोबरीला आलं की टायर संपला. पण ही संपण्याची रेषा आहे, चांगलं असण्याची नाही. नव्या टायरची खाच सात-आठ मिलिमीटर असते. तीनवर आली की मी पावसाळ्याआधी बदलतो. ओल्या रस्त्यावरच्या पकडीचा किमान दर्जा सरकारने २०२२ च्या अधिसूचनेने टायर कंपन्यांना लागू केला, ही चांगली गोष्ट झाली. युरोपात मात्र या पकडीची ए ते ई अशी श्रेणी छापलेली चिठ्ठी ग्राहकाच्या समोर असते. आपल्या दुकानात ती सहसा दिसत नाही. फ्रिजवरचे तारे पाहून फ्रिज घेणाऱ्या ग्राहकाला टायरची ही श्रेणीही मराठीत, मोठ्या अक्षरांत दिसायला हवी, अशी मागणी आपण केली पाहिजे.

यावर एक रास्त आक्षेप येतो, पैशाचा. चार चांगले टायर म्हणजे अनेकांचा महिन्याचा पगार. काळीपिवळी चालवणारा, शाळेची मुलं नेणारा रिक्षावाला रबर चढवलेले किंवा दुसऱ्याचे उतरलेले टायर घेतो ते हौसेने नाही. मी त्याला दोष देणार नाही. पण ज्यांना परवडतं त्यांचं काय? भाच्याच्या गाडीत अलॉय होते, मोठा म्युझिक सिस्टीम होता, सीटला नवे कव्हर होते. लग्नात आपण मांडवाला, जेवणाला हात आखडता घेत नाही. वऱ्हाड नेणाऱ्या गाडीच्या टायरकडे मात्र कोणी वाकून पाहत नाही. चार टायर परवडत नसतील तर हवा तपासणं फुकट आहे. वेग कमी करणं फुकट आहे. सहाच्या जागी चार जण बसवणंही फुकटच आहे.

आणि शेवटी नशिबाबद्दल, कारण मला सगळ्यात जास्त तेच बोलायचं आहे. १ जुलै २०२३ च्या पहाटे समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ खासगी बस पेटून २५ माणसं गेली. पहिली बातमी आली ती टायर फुटल्याची. चालकाने तसं सांगितलं होतं. नंतर परिवहन खात्याच्या प्राथमिक अहवालात टायर फुटल्याचे पुरावे मिळाले नसल्याचं पुढे आलं. मला तेव्हापासून वाटतं, 'टायर फुटला' हे आपल्या बातम्यांमधलं 'लिहिलेलं होतं' आहे. दोन्ही वाक्यांनी चौकशी थांबते. दोन्हींत कोणाचाच दोष उरत नाही. आणि खरोखर टायर फुटतो तेव्हाही तो बहुतेक वेळा आधी सांगून फुटतो. फुगा येतो, भिंतीला चिरा पडतात, हवा उतरत राहते, नक्षी संपते. सांगितलेलं कोणी वाचत नाही.

तवक्कुल, अल्लाहवरचा भरवसा, हा आपल्या ईमानाचा भाग आहे. पण उंट मोकळा सोडून भरवशाची भाषा बोलणाऱ्या माणसाला रसूलुल्लाह सल्लल्लाहु अलैहि वसल्लम यांनी आधी उंट बांधायला सांगितलं होतं, हा किस्सा आपण मुलांना मकतबमध्येच शिकवतो. आमच्या पिढीचा उंट चार चाकांवर चालतो. टायर तपासणं हे त्याला बांधणं आहे. गाडीत बसलेली लेकरं आपल्याकडे अमानत असतात. अमानतीबद्दल विचारलं जाईल तेव्हा 'पाऊस होता' हे उत्तर चालेल असं मला वाटत नाही.

भाच्याने अलॉय विकले. पंधरा इंची साध्या चाकांवर १८५ चे चार नवे टायर बसले. पहिल्यांदा गाडी पाहिल्यावर तो थोडा हिरमुसला. म्हणाला, "मामू, गाडी बारीक दिसते." आपा ओट्यावरून म्हणाली, "दिसू दे. मला ती घरी आलेली दिसली पाहिजे."

यंदा मृग लागण्याआधी एवढं करा. गाडी सावलीत लावा, खाली बसा, टायरवरचा चिखल पुसा, चार आकडे वाचा आणि खाचेत बोट घाला. पाच मिनिटं लागतात.